तीनशिंग्याचा डावा डोळा

अकलूजच्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका आमच्या मूर्तींच्या कारखान्यात आल्या, तेव्हा मी एका देवीच्या पायाची बोटं पॉलिश पेपरनं घासत बसले होते. उन्हाळ्याचे दिवस. गणपतीच्या कामाला अजून जोर चढायचा होता. पत्र्याच्या शेडमध्ये फायबरच्या वासानं डोकं जड झालं होतं. बाईंनी मोबाईलवर दोन चित्रं दाखवली. शाळेच्या बागेत त्यांना दोन डायनासोर हवे होते. एक मांसाहारी, दोन पायांवर उभा, तोंडभर दात. दुसरा चार पायांचा, झाडपाला खाणारा. डोळ्यांवर दोन लांब शिंगं, नाकावर एक आखूड शिंग आणि मानेमागं हाडाची मोठी झालर.

"हा ट्रायसेराटॉप्स," बाई म्हणाल्या. "लहान वर्गातल्या मुलांचा लाडका आहे."

माझ्या वडिलांना, म्हणजे अण्णांना, मोतीबिंदूमुळं नीट दिसत नव्हतं. त्यांनी फोन पार नाकाजवळ धरला, दोन्ही चित्रं निरखली आणि मान वर न करताच वाटणी करून टाकली.

"दातवाला ह्यो करंल," ते म्हणाले. त्यांचा एक हात शेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या शिष्याच्या खांद्यावर होता. मग माझ्या दिशेनं हनुवटी उडवून म्हणाले, "शिंगवाला तू कर."

मी "बरं" म्हटलं. देवीच्या पायाचं बोट तेवढ्यात गरजेपेक्षा जास्त घासलं गेलं, ते मला पुन्हा भरावं लागलं.

हा शिष्य कोण ते सांगायला हवं. तो आमच्याच शहराच्या पूर्व भागातला, तेलुगू बोलणाऱ्या विणकर घरातला. घरचे माग बंद पडले तेव्हा दहावी होऊन तो अण्णांकडे काम शिकायला आला. आम्ही एकाच वयाचे, कदाचित तोच चार-सहा महिन्यांनी मोठा असेल, पण पहिल्या दिवसापासून त्यानं मला अक्का म्हटलं. मी तोवर कारखान्यात मुरलेली होते. बसायला यायच्या आधीपासून शाडू मातीत लोळत होते असं आई सांगायची. साच्यातून मूर्ती काढणं, हात-पाय जोडणं, उंदीर, दागिने, सोंडेच्या वळ्या, सगळं मला येत होतं. एकच काम अण्णांनी मला कधी दिलं नव्हतं, ते म्हणजे डोळे.

मूर्तीचे डोळे काढण्याला आमच्यात आखणी म्हणतात. बाकीचं काम कारखान्यात कुणीही करतं. आखणी मालक करतो, किंवा मालक ज्याला आपल्या मागं धरतो तो करतो. मी वाट बघत होते. घाई नव्हती, कारण दुसरं होतंच कोण? आणि मग तो आला. आल्याच्या दुसऱ्याच हंगामात अण्णांनी त्याच्या हातात बारीक कुंचला दिला. काळ्या रंगाची वाटी धरून मी शेजारी उभी होते. त्यानं श्वास रोखला, एक रेघ ओढली, आणि गणपतीनं माझ्याकडं बघितलं. खरंच बघितलं. कारखान्यातले सगळे थांबले.

"ह्याचा हात बोलतो," अण्णा म्हणाले.

त्या दिवसापासून माझ्या पोटात जे काही पेटलं ते आजतागायत पुरतं विझलेलं नाही. आग म्हणावी एवढी मोठी ती कधीच नव्हती. भाकरी उतरवल्यावर तव्याखाली जी धग राहते ना, तशी. अण्णा जेवायला बसले की आपल्या डब्यातली शेंगाचटणी आधी त्याच्या ताटात वाढत. त्याच्याशी बोलता यावं म्हणून उतारवयात चार तेलुगू शब्द शिकले. माझ्याशी बोलायला त्यांना मराठीतले चारच शब्द पुरायचे. गिऱ्हाईक विचारायचं, "मुलगा का तुमचा?" अण्णा हसायचे. नाही म्हणायचे नाहीत. त्यांची मुलगी तिथंच रंगाचे डबे धूत उभी असायची.

तो वाईट असता तर सोपं गेलं असतं. माझ्या लग्नात मांडवाची कमान त्यानं रात्रंदिवस खपून केली. आई दवाखान्यात होती तेव्हा माझ्याआधी तो तिथं पोहोचायचा. लग्न होऊन मी दोन गल्ल्या पलीकडं गेले आणि नवऱ्याचा डबा भरून रोज सकाळी पुन्हा कारखान्यात यायला लागले, तेव्हा बाहेरच्या लोकांनी नाकं मुरडली. त्यानं मात्र माझ्या बसायच्या जागेवर पंखा लावून ठेवला होता. असल्या माणसाचा राग कसा करायचा? राग करता येत नव्हता म्हणूनच बहुतेक मत्सर एवढा टिकला.

तर दातवाला त्याला आणि शिंगवाला मला. हेही नेहमीसारखंच झालं, असं मला वाटलं. बघायला लोक येणार ते दातवाल्याला.

त्याचं काम भराभर पुढं सरकलं. लोखंडी सांगाडा वेल्डिंग करून उभा केला, त्यावर माती चढवली, आठवडाभरात जबड्याला आकार आला. कुठून तरी जुनी मोटर आणून त्यानं जबडा उघडमीट होईल अशी सोय केली. वर स्पीकर बसवून डरकाळीसुद्धा घातली. पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा गल्लीतली कुत्री भुंकत सुटली आणि अण्णा लहान मुलासारखे टाळ्या वाजवायला लागले.

मी नमुन्याला एक वीतभर लांबीचं जनावर मातीत करून अण्णांसमोर ठेवलं. त्यांनी ते हातात घेऊन चाचपलं.

"बेंदराचा बैल केलास की गं," ते म्हणाले.

तो पलीकडून हसला. त्या हसण्यात काही खोट नव्हती, कुणालाही हसू आलं असतं. सणाला पुजायला दारोदार विकतात तसाच तो बैल दिसत होता, फक्त नाकावर जादा शिंग असलेला. मी तो मुठीत दाबून त्याचा गोळा केला.

त्यानंतर मी त्या जनावराच्या मागं लागले. भाचीचा जाडजूड सचित्र ज्ञानकोश आणला, मोबाईलवर सांगाड्यांचे फोटो मोठे करकरून पाहिले. कोट्यवधी वर्षांपूर्वी अमेरिकेच्या मैदानांत हे राहत होतं. तोंड पोपटाच्या चोचीसारखं, आत गालाकडं पाला कातरणाऱ्या दातांच्या रांगा. त्याची शिंगं पहिल्यांदा जमिनीत सापडली तेव्हा ती पाहणाऱ्या जाणकाराला एखाद्या प्रचंड रानरेड्याची वाटली होती. हे वाचून मला फार बरं वाटलं. म्हणजे चूक माझीच एकटीची नव्हती. आणखी एक गोष्ट वाचली ती डोक्यात बसली. काही झालरींच्या हाडांवर भरून आलेल्या जखमांच्या खुणा सापडल्या आहेत, आणि त्या बहुधा मांसाहाऱ्याच्या दातांच्या नाहीत, त्यांच्याच जातीच्या दुसऱ्या जनावराच्या शिंगांच्या आहेत. म्हणजे ती शिंगं वाघरासाठी होती तशी भावकीसाठीही होती. मी पुस्तक मिटलं.

रानरेडा कुठून आणणार? पण म्हशी होत्या. अक्कलकोट रस्त्याला एका मावशींचा गोठा होता. मावशी मूळच्या मैंदर्गीच्या, मराठी बोलता बोलता कानडीत घुसायच्या. त्यांच्याकडं पंढरपुरी म्हशी होत्या. त्यांची शिंगं ज्यानं पाहिली नाहीत त्याला सांगून खरं वाटणार नाही. तलवारीसारखी मागं जाऊन पार खांद्याच्या पलीकडं टेकलेली. एवढं ओझं डोक्यावर घेऊन ती म्हैस दिवसभर चरते कशी, पाणी पिते कशी, मान वळवते कशी, ते मला बघायचं होतं.

मी संध्याकाळी तिथं जाऊन दगडावर बसायला लागले. पहिल्या दिवशी मावशींनी विचारलं, "म्हस घ्यायची हाय व्हय?"

"न्हाय मावशी. मान बघायची हाय."

"कुणाची?"

"म्हशीची."

मावशींनी माझ्याकडं नीट निरखून पाहिलं, मग आत जाऊन मला प्यायला ताक आणून दिलं. उन्हानं मला काहीतरी झालंय असं त्यांना वाटलं असावं.

मान समजायला वेळ लागला. ती डोक्याला नुसती जोडलेली नसते. डोकं खाली लोंबत असतं आणि मान ते खांद्यापासून ओढून धरत असते. ओढणारी शीर मला बोटांनी चाचपायची होती. शेवटी एक गरीब म्हैस निवडून मावशींनी मला जवळ जाऊ दिलं. मी तिच्या मानेवरून हात फिरवला. तिनं माझ्याकडं बघितलंच नाही. तिचा डोळा बाजूला होता, जड पापणीखाली, अर्धा कडब्यावर आणि अर्धा कुठंच नाही. मी तिच्या दृष्टीनं एक सावली होते.

मोठं जनावर मातीत उभं करताना मी दुसरीकडं कुठं लक्षच दिलं नाही. खऱ्यापेक्षा ते लहानच होतं, पण टेम्पोत जेमतेम मावेल एवढं. पोट खाली ओघळलेलं, पुढचे पाय जरा फाकलेले, डोकं झालरीच्या भारानं खाली झुकलेलं. झालरीच्या कडेला एक जुनी, भरून आलेली जखमही मी कोरली. कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. मग साचा झाला, फायबर झालं, घासणं झालं, करड्या मातकट रंगाचे हात झाले.

अण्णांना मी हाताला धरून जनावरापाशी नेलं. त्यांनी झालरीपासून खांद्यापर्यंत तळवा फिरवला, परत फिरवला, मानेच्या वळणावर थांबले.

"वजन हाय," ते म्हणाले.

एवढे दोन शब्द. आयुष्यात त्यांच्याकडून मला एवढं मोठं काही मिळालं नव्हतं. आणि त्याच दमात ते पुढं म्हणाले, "आता डोळं तेवढं त्याच्याकडनं काढून घे."

"माझ्या जनावराचे डोळे मी काढणार," मी म्हटलं.

"पोरी, मुलं पैल्यांदा डोळं बघत्यात. काम चांगलं व्हाया पायजे. तुझं-माझं काय हाय त्यात?"

"सगळं तुझं-माझंच आहे अण्णा. तुम्हाला दिसत नाही एवढंच."

हे मोतीबिंदू झालेल्या माणसाला म्हणायला नको होतं, पण तोंडातून निघून गेलं. तो दाराशी हातात कुंचले घेऊन उभा होता. खाली बघत म्हणाला, "अक्का म्हणेल तसं करू." निर्णय माझ्यावर सोडण्याचा तो मोठेपणा मला तेव्हा त्याच्या सगळ्या आखणीपेक्षा जास्त बोचला.

मी डोळा काढायला घेतला. काळा, तपकिरी, पिवळसर कडा, पांढरा ठिपका. शर्टाचं बटण झालं. पुसलं. पुन्हा काढला, मेलेल्या माशाचा झाला. पुसला. तिसऱ्यांदा काढायच्या आधीच मी कुंचला ठेवला आणि भर दुपारी जेवायला घरी निघून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो येणार होता.

परत आले तेव्हा कारखान्यातली सगळी माणसं माझ्या जनावराच्या डाव्या बाजूला गोळा झाली होती. मला पाहून बाजूला झाली. डावा डोळा काढून झाला होता.

तो डोळा कसा होता ते मी आजही सांगू शकते, कारण मी तो विसरू शकलेले नाही. आत खोलवर तांबूस उजेड होता. खालच्या पापणीवर ओल होती, रंगाची आहे हे माहीत असूनही बोट लावून बघावंसं वाटे. आणि तो बघत होता. मी डावीकडं सरकले तरी माझ्याकडं, उजवीकडं सरकले तरी माझ्याकडं. इतके दिवस मी घडवलेलं पोट, मान, पाय हे सगळं त्या एका डोळ्यानं जागं केलं होतं. कुणीतरी म्हणालं, "आता जीव आला." म्हणजे तोवर नव्हता.

तो पुढं आला. "अण्णांनी सांगितलं म्हणून... मी तुला विचारायला पाहिजे होतं अक्का. चुकलं माझं. नको असेल तर पुसून टाक. रंग ओला आहे." आणि त्यानं टर्पेंटाइनमध्ये भिजवलेला बोळा माझ्या हातात दिला.

मी बोळा घेऊन डोळ्यासमोर उभी राहिले. एक हात फिरवला की संपलं. सगळे बघत होते, अण्णा कान देऊन खुर्चीत ताठ बसले होते. मला मनापासून पुसायचा होता. पण ज्या माणसानं जन्मभर हेच काम केलं, त्याचा हात अशा डोळ्यावरून फिरत नाही. मला तो काढता आला नसता, म्हणूनच तो किती चांगला आहे हे मला इतरांपेक्षा जास्त कळत होतं. मी बोळा खाली टाकला.

"उजव्याला हात लावायचा नाही," मी म्हटलं.

"नाही लावत."

मी जनावराच्या उजव्या बाजूला गेले आणि खाली बसले. आणि तिथं बसल्यावर मला दुसरं काहीतरी दिसायला लागलं. त्याचा डोळा देवाचा होता. देव बघतो, ते त्याचं कामच आहे, भक्तानं कुठूनही पाहिलं तरी तो बघतोय असं वाटायला हवं. चरणारं जनावर असं बघत नाही. त्याला आपल्याशी काही देणंघेणं नसतं. हे मला खरंच कळलं होतं, की मत्सरानं मला हाताशी एक मुद्दा दिला होता? तेव्हा ठरवता आलं नाही, आजही येत नाही. पण मी कुंचला पुन्हा उचलला, हे खरं.

मी वरच्या पापणीवर पुट्टी चढवून ती जड केली. बुबुळ पुढं आणि खाली सरकवलं, गवताकडं. पांढरा ठिपका घातलाच नाही. संध्याकाळच्या उजेडात गोठ्यातल्या म्हशीच्या डोळ्यात जसा एक धुरकट, निळसर पडदा दिसायचा तसा वरून पातळ रंग फिरवला. झालं. त्यात जीव आला की नाही, माहीत नाही. जनावर मात्र चरायला लागलं.

अण्णा काठी टेकत आधी एका बाजूला आले, मग दुसऱ्या. दोन्हीकडं डोळे बारीक करून जवळून बघितलं.

"येका जनावराला दोन तऱ्हेचं डोळं?"

"दोन्ही एकदम दिसतात कुणाला?" मी म्हटलं. "समोरून उभं राहिलं तर शिंगं दिसतात."

अण्णांनी काठीनं शिंगावर टकटक केलं. मग म्हणाले, "सकाळी भरा टेम्पोत."

मोहोळ, टेंभुर्णी करत आम्ही अकलूजला पोहोचलो. शाळेची बाग छान होती, पलीकडं कंपाउंडच्या भिंतीला लागून उसाची शेतं. जनावरं कुठं आणि कशी उभी करायची ते मुख्याध्यापिका बाईंनी ठरवलं होतं. ट्रायसेराटॉप्सची डावी बाजू हिरवळीकडं आली. उजवी भिंतीकडं. फिरवून उभं करा म्हणावंसं वाटलं, पण कारण विचारलं असतं तर? काय सांगणार होते?

बागेच्या उद्घाटनाला मुलं सुटली ती थेट दातवाल्याकडं. डरकाळी झाली की किंकाळ्या, पळापळ, परत येणं. मग शिंगवाल्याकडं वळली. डाव्या बाजूला. एक छोटी मुलगी त्याच्या डोळ्यासमोर इकडून तिकडं चालून बघत होती. "मॅम, हा माझ्याकडंच बघतोय!" बाईंनी सगळ्या शिक्षकांना तिथंच उभं करून फोटो काढला. पाहुण्यांना सांगताना त्यांनी अण्णांच्या शिष्याला हाताला धरून पुढं आणलं आणि म्हणाल्या, "डोळे बघा, काय जिवंत केलेत यांनी." त्यानं "जनावर अक्कानं केलंय" असं म्हटलं, पण डरकाळीत ते कुणाच्या कानावर गेलं नाही. मला ऐकू आलं.

मी भिंतीच्या बाजूला जाऊन उभी राहिले. तिथं फक्त एक माळी पाण्याची नळी गुंडाळत होता. थोड्या वेळानं तो, अण्णांचा लाडका, तिकडं आला. माझ्या बाजूला उभा राहून उजव्या डोळ्याकडं बराच वेळ बघत राहिला. मी तो डोळा काढायला बसल्यापासून तो त्या बाजूला फिरकला नव्हता. मला वाटतं, मुद्दाम.

"हा बघत नाही," तो म्हणाला.

"नाही."

"कुठनं आणलास?"

"गोठ्यातनं."

तो हसला. "अक्का, मला कुणाकडं न बघणारा डोळा कधी काढताच आला नाही. लई भारी झालाय." आणि खिशातनं फोन काढून त्यानं त्याचा फोटो घेतला, अगदी जवळून.

माझं समाधान व्हायला हवं होतं. झालं नाही. दुसऱ्याचं काम असं मोकळेपणानं चांगलं म्हणता येणं हेसुद्धा त्यालाच येत होतं. मला येत नव्हतं. त्याचा डोळा अप्रतिम आहे हे मला कारखान्यातच कळलं होतं आणि मी ते एका शब्दानं त्याला म्हटलं नव्हतं. भिंतीजवळ उभं राहून मला त्याच्या कौतुक करण्याचाच हेवा वाटला.

पुढं त्याच्या दातवाल्याचा व्हिडिओ कुणाकुणाच्या फोनवर फिरत गेला आणि हैदराबादच्या एका मोठ्या स्टुडिओतून त्याला बोलावणं आलं. चित्रपटांचे सेट, मोठमोठे पुतळे, हाताखाली माणसं. भाषाही घरची. तो गेला. जाताना अण्णांच्या पाया पडला तेव्हा अण्णा रडले, माझ्या पाठवणीलाही एवढे रडले नव्हते. मला वाटलं होतं, तो गेला की कारखान्यात हवा येईल. पण आता अण्णा रोज संध्याकाळी त्याच्या फोनची वाट बघायचे. समोर असलेल्या माणसाशी तुलना तरी करता येते, लांब गेलेला माणूस नुसता वाढतच जातो. आखणी मात्र आता माझ्याकडं आली होती. गिऱ्हाइकं तक्रार करत नव्हती. अण्णा "ठीक हाय" म्हणायचे.

गेल्या हिवाळ्यात मी अण्णांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन करून आणलं. नीट दिसायला लागल्यावर त्यांनी कारखान्यातलं एकेक बघितलं, भिंतींचे पोपडे, माझे पांढरे झालेले केस. मग म्हणाले, "अकलूजला जाऊन येऊ. ती दोन जनावरं मी धड बघितलीच न्हाईत."

आम्ही एसटीनं गेलो. शाळेला सुट्टी होती, बाग रिकामी. दातवाल्याची मोटर कधीच बंद पडली होती. जबडा उघडा राहिला होता आणि आत साळुंक्यांनी काड्या भरल्या होत्या. अण्णांनी त्याच्याखाली उभं राहून पोरासारखं वर बघितलं, मान हलवली. मग शिंगवाल्याकडं आले. डाव्या बाजूला, अर्थातच.

तिथला डोळा गेला होता. पश्चिमेचं ऊन त्या बाजूला रोज दुपारनंतर भाजायचं. तांबूस उजेड फिका पडला होता, पापणीची ओल सोलून निघाली होती. उरल्या होत्या त्या नुसत्या रेघा, कुठं ठळक, कुठं पुसट. अण्णांचा चेहरा पडला. स्वतःचे डोळे परत मिळवून ते आले होते आणि जे बघायचं होतं तेच उरलं नव्हतं.

उजवी बाजू भिंतीच्या सावलीत होती, तिथलं सगळं शाबूत होतं. अण्णा तिकडं गेले. मी काढलेल्या डोळ्यासमोर उभे राहिले. मग मानेवरून हात फिरवत फिरवत जनावराच्या सावलीत कट्ट्यावर बसले, आणि बराच वेळ बसले. माणूस जनावराशेजारी जसा बसतो, तसे.

मग म्हणाले, "रंग आणलाईस का?"

माझ्या पिशवीत कुंचले आणि चार बाटल्या नेहमी असतात. "आहेत."

"मग त्यो डावा कर की नीट."

मी विचारलं, "माझ्यासारखा करू?"

"ज्याचा हाय त्याच्यासारखा कर."

मी डाव्या बाजूला बसले. त्याच्या उरलेल्या रेघेवर कुंचला टेकवला आणि ती जिकडं जाते तिकडं गेले. इतकी वर्षं मी त्याचा हात शेजारून बघितला होता. पण त्याच्या रेघेतून चालले तेव्हा पहिल्यांदा कळलं की वरची पापणी काढताना तो मध्येच किंचित थांबतो, शंका आल्यासारखा, आणि मग एका झटक्यात पुढं जातो. त्या जागी रंग जरा जाड होता. त्यालाही भीती वाटत होती तर. मी तिथं थांबले आणि तशीच पुढं गेले. तांबूस रंग मिळायला वेळ लागला. ओल शेवटी आली. मागं सरकून बघितलं तर डोळा माझ्याकडं बघत होता.

"अण्णा, या," मी हाक मारली.

ते आले, डावीकडं सरकले, उजवीकडं सरकले आणि हसले. "बघतोय," म्हणाले.

परतीच्या एसटीत हैदराबादहून त्याचा फोन आला. अण्णा सगळ्या बसला ऐकू जाईल असं ओरडून बोलत होते. "अरं, बघून आलो की! तुझा डोळा अजून तसाच हाय बघ. ताजा!"

माझ्या पोटातली जुनी धग एकदम वर आली. मी त्यांच्या हातातून फोन घेतला.

"अण्णांचं ऐकू नकोस," मी म्हटलं. "तुझा उन्हानं उडाला होता. आज मी काढला तो परत. तुझ्या रेघेवरून काढला, पण मी काढला."

मग तो म्हणाला, "बघतोय का?"

"बघतोय."

"फोटो पाठव ना अक्का."

फोटो काढायचं सुचलंच नव्हतं. "ये आणि बघून जा," मी म्हटलं. आणि मग, एवढ्या वर्षांत कधी न म्हटलेलं, पटकन म्हणून टाकलं, "तुझा डोळा फार चांगला होता. काढताना कळलं."

"बरं," तो म्हणाला. मी फोन अण्णांच्या हातात परत दिला.

टेंभुर्णीला बस थांबली. अण्णांना चहा हवा होता. मी त्यांना धरून खाली उतरवायला गेले तर त्यांनी हात सोडवून घेतला, "दिसतंय मला आता," म्हणाले, आणि स्वतःच पायऱ्या उतरून टपरीकडं चालायला लागले.